कंबरदुखी आणि बोन स्कॅन : तपासणी केव्हा करावी, केव्हा करू नये

कंबरदुखी कधीच अनुभवली नाही, अशी प्रौढ व्यक्ती क्वचितच आढळेल. शेतात वाकून काम करणारे, ओझे वाहणारे, दिवसभर वाहन चालविणारे, संगणकासमोर बसणारे, घरात पाण्याचे हंडे व धान्याची पोती उचलणारे, अशा सर्वांनाच हा त्रास कधी ना कधी होतो. बहुतेकांचे दुखणे काही आठवड्यांत कमी होते. मात्र ते लांबले, की कुटुंबात चिंता सुरू होते आणि मोठ्या तपासण्यांचा विचार पुढे येतो.

अशा तपासण्यांपैकी एक म्हणजे न्यूक्लिअर मेडिसिन विभागात केला जाणारा बोन स्कॅन. या तपासणीत किरणोत्सारी औषधाचे इंजेक्शन दिले जात असल्यामुळे काही रुग्ण घाबरून ती टाळतात. याउलट काही जण डॉक्टरांनी सुचविलेली नसतानाही ‘एकदा सर्व शरीर तपासून घेऊ’ असा आग्रह धरतात. आवश्यक तपासणी टाळल्यास गंभीर आजाराचे निदान लांबते. अनावश्यक तपासणी केल्यास खर्च, काळजी आणि पुढील तपासण्यांची साखळी मागे लागते. हा स्कॅन कोणासाठी उपयुक्त आहे, त्यातून काय कळते व काय कळत नाही, हे प्रत्येक कुटुंबास ठाऊक असावे, या हेतूने ही माहिती देण्यात येत आहे.

बहुतेक कंबरदुखीस स्कॅन लागत नाही

कंबरेचा भाग पाच मणके, त्यांच्यामधील मऊ चकत्या, लहान सांधे, स्नायू, अस्थिबंध व नसा यांनी बनलेला आहे. बहुसंख्य रुग्णांमध्ये वेदनेचे एकच निश्चित कारण कोणत्याही चित्रणात दाखविता येत नाही आणि उपचारासाठी तसे दाखविण्याची गरजही नसते. झेपेल तितके चालणे-फिरणे चालू ठेवणे, अंथरुणावर दीर्घकाळ पडून न राहणे, गरम शेक घेणे, डॉक्टरांच्या सल्ल्याने वेदनाशामक औषध घेणे आणि वेदना ओसरल्यावर पाठीचे व पोटाचे स्नायू बळकट करणारे व्यायाम करणे, एवढ्याने बहुतेकांना साधारणपणे ४ ते ६ आठवड्यांत आराम पडतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. केस पिकावेत त्याप्रमाणे वयानुसार मणक्यांची झीज होतच असते. कंबर मुळीच दुखत नसलेल्या अनेक व्यक्तींच्या चित्रणातही अशी झीज दिसते. त्यामुळे चित्रात झीज दिसली म्हणजे वेदना तिच्यामुळेच होते आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही. कारण नसताना केलेले चित्रण अनेकदा रुग्णाला नवी काळजी देते, नवा उपचार मात्र देत नाही.

ही लक्षणे असल्यास विलंब करू नये

पुढीलपैकी कोणतेही लक्षण कंबरदुखीबरोबर आढळल्यास डॉक्टरांना तातडीने दाखवावे :

• लघवी वा शौचावरील नियंत्रण जाणे, लघवी अडणे, मांड्यांच्या आतील बाजूस किंवा गुदद्वाराभोवती बधिरपणा येणे.
• एका वा दोन्ही पायांतील शक्ती कमी होत जाणे, चालताना पाऊल घसटणे.
• ताप, विशेषतः संध्याकाळी येणारा बारीक ताप, रात्री घाम येणे, भूक मंदावणे, वजन घटणे.
• पूर्वी कर्करोग झालेला असणे.
• विश्रांती घेऊनही न थांबणारी, रात्री झोपेतून जागे करणारी वेदना.
• पडणे वा अपघात. वृद्धांमध्ये किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड औषधे घेणाऱ्यांमध्ये किरकोळ धक्क्यानंतर सुरू झालेली तीव्र वेदना.
• घरात क्षयरोगाचा रुग्ण असणे किंवा स्वतःस पूर्वी क्षयरोग झालेला असणे.

यांपैकी पहिली दोन लक्षणे नसांवर दाब आल्याची असू शकतात. अशा रुग्णास त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे. तेथे बहुधा एमआरआय केला जातो. या अवस्थेत बोन स्कॅनची वाट पाहणे योग्य नव्हे, कारण काही तासांचा विलंबही कायमचे अपंगत्व आणू शकतो.

बोन स्कॅन म्हणजे काय

एक्स-रे आणि सीटी स्कॅन हाडाचा आकार दाखवितात. बोन स्कॅन हाडाचे काम दाखवितो. आपली हाडे निर्जीव नसतात. त्यांत जुना भाग झिजून नवा भाग तयार होण्याची क्रिया जन्मभर चालू असते. जेथे हाड मोडले आहे, सुजले आहे किंवा एखाद्या आजाराने पोखरले जात आहे, तेथे दुरुस्तीचे काम व रक्तपुरवठा दोन्ही वाढतात. ही वाढलेली हालचाल बोन स्कॅनमध्ये टिपली जाते. त्यामुळे साध्या एक्स-रेमध्ये अजून काहीच दिसत नसताना बोन स्कॅनमध्ये बदल दिसू शकतो. शिवाय एकाच वेळी डोक्यापासून पायापर्यंतची सर्व हाडे पाहता येतात.

यासाठी टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी मूलद्रव्य एमडीपी नावाच्या फॉस्फेटसारख्या संयुगाशी जोडून हाताच्या शिरेत टोचले जाते. हाडातील खनिजात फॉस्फेट असल्यामुळे हे संयुग हाडांकडे ओढले जाते आणि जेथे नवे हाड तयार होत आहे तेथे अधिक प्रमाणात साठते. त्यातून बाहेर पडणारे गॅमा किरण गॅमा कॅमेरा टिपतो व संगणक त्यांचे चित्र बनवितो. रुग्णाच्या शरीरातून येणारे किरण टिपण्याचे काम तेवढे कॅमेरा करतो. तो स्वतः किरण सोडत नाही.

काही रुग्णांत कॅमेरा शरीराभोवती फिरवून त्रिमितीय चित्रे घेतली जातात. या पद्धतीस स्पेक्ट म्हणतात. तिला सीटीची जोड दिल्यास स्पेक्ट-सीटी होते. कंबरेच्या दुखण्यात ही जोड विशेष उपयोगी पडते, कारण औषध मणक्याच्या मुख्य भागात साठले आहे, मागच्या लहान सांध्यात की मणक्याच्या कमानीत, हे तीत वेगळे ओळखता येते.

एकच वेदना, तीन वेगळे प्रश्न

बोन स्कॅन वेदनेचे छायाचित्र काढत नाही. डॉक्टरांच्या मनात एखादा निश्चित प्रश्न असेल, तरच त्याचे उत्तर उपयोगी पडते. हे तीन उदाहरणांवरून समजून घेऊ.

समजा, ३५ वर्षांच्या एका कामगाराने पोते उचलले आणि त्याच्या कंबरेत उसण भरली. त्याला ताप नाही, पायात मुंग्या नाहीत, पूर्वी कोणताही मोठा आजार नाही. येथे हाडाच्या आजाराची शंका घेण्यास कारणच नाही. या रुग्णास बोन स्कॅन, सीटी वा एमआरआय यांपैकी काहीही लागत नाही. योग्य सल्ला आणि काही आठवड्यांचा धीर हाच त्याचा उपचार.

समजा, ७० वर्षांच्या एक आजी न्हाणीघरात घसरल्या आणि तेव्हापासून त्यांना उठता-बसता येत नाही. एक्स-रेमध्ये दोन मणके दबलेले दिसतात. हाडे ठिसूळ झाल्याने त्यांपैकी एक पूर्वीच दबलेला असू शकतो. कोणता मणका आत्ता मोडला, हा येथे खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर सहसा एमआरआय देतो. परंतु जुन्या पद्धतीच्या पेसमेकरमुळे वा अन्य कारणाने तो करता येत नसेल, तर बोन स्कॅन हेच उत्तर देऊ शकतो. नव्याने मोडलेल्या मणक्यात औषध ठळकपणे साठते. जुन्या, भरून आलेल्या मणक्यात साठत नाही किंवा फार कमी साठते. माकडहाडाच्या वरील त्रिकास्थीतील बारीक तडा, जो वृद्धांमध्ये एक्स-रेत सहज निसटतो, तोही या स्कॅनमध्ये दिसतो. मात्र वृद्धांमध्ये दुखापतीनंतर पहिले दोन-तीन दिवस स्कॅन निर्दोष येऊ शकतो, आणि हाड भरून आल्यावरही कित्येक महिने तेथे खूण राहू शकते. म्हणून दुखणे नेमके केव्हा सुरू झाले, हे डॉक्टरांना अचूक सांगावे.

समजा, प्रोस्टेट ग्रंथीच्या किंवा स्तनाच्या कर्करोगावर उपचार झालेल्या व्यक्तीस नव्याने कंबरदुखी सुरू झाली आहे. हे कर्करोग हाडांत पसरू शकतात. अशा वेळी संपूर्ण सांगाडा एका तपासणीत पाहता येणे महत्त्वाचे ठरते आणि बोन स्कॅन लवकर करणे हिताचे असते. वेळीच निदान झाल्यास वेदना कमी करणारे उपचार देता येतात आणि मणका कोसळून मज्जारज्जूवर दाब येण्याचा धोका टाळण्याचा प्रयत्न करता येतो.

याशिवाय मणक्याच्या कमानीला वारंवार ताण पडून गेलेला तडा, जो वेगवान गोलंदाज, जिम्नॅस्ट अशा तरुण खेळाडूंमध्ये आढळतो, तसेच मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा सुरू झालेले दुखणे, अशा निवडक प्रसंगीही स्पेक्ट-सीटीचा उपयोग होतो.

बोन स्कॅनमध्ये काय दिसत नाही

• सरकलेली चकती आणि दबलेली नस यात दिसत नाही. पायात कळ जाणे, म्हणजे सायटिका, यासाठी ही तपासणी नव्हे.
• स्नायू व अस्थिबंध यांचा ताण दिसत नाही.
• मल्टिपल मायलोमा हा रक्तपेशींचा कर्करोग हाड पोखरतो. परंतु तेथे नवे हाड फारसे तयार होत नसल्याने बोन स्कॅनमध्ये तो निसटू शकतो. त्यासाठी रक्ताच्या, लघवीच्या व इतर तपासण्या कराव्या लागतात.
• मणक्याचा क्षयरोग काही रुग्णांत बोन स्कॅनमध्ये दिसतो, काहींत दिसत नाही. आपल्या देशात क्षयरोग अद्याप मोठ्या प्रमाणावर असल्यामुळे लांबलेली कंबरदुखी, बारीक ताप आणि घटते वजन एकत्र आढळल्यास केवळ निर्दोष बोन स्कॅनवर समाधान मानू नये. एमआरआय आणि आवश्यकतेनुसार बाधित भागातील नमुन्याची तपासणी करून निदान पक्के केले जाते. क्षयरोगाचे निदान व औषधे शासकीय आरोग्य केंद्रांत मोफत उपलब्ध आहेत.

अहवालातील ‘हॉट स्पॉट’ म्हणजे कर्करोग नव्हे

ज्या ठिकाणी औषध अधिक साठते, त्यास बोलीभाषेत ‘हॉट स्पॉट’ म्हटले जाते. हा शब्द अहवालात वाचून अनेक कुटुंबे हादरून जातात. असा ठिपका सांध्यांची झीज, जुनी दुखापत, भरून येणारे फ्रॅक्चर, जंतुसंसर्ग, संधिवात किंवा कर्करोग यांपैकी कशामुळेही दिसू शकतो. हाड दुरुस्तीच्या कामाला लागले आहे, एवढेच तो सांगतो. कशामुळे लागले आहे, ते सांगत नाही. ठिपक्याची जागा, आकार, संख्या, रुग्णाचे वय, पूर्वीचे आजार आणि इतर चित्रणे एकत्र पाहूनच डॉक्टर त्याचा अर्थ लावतात. कधी सीटी, एमआरआय किंवा हाडाचा नमुना घ्यावा लागतो. अहवाल हाती येताच स्वतः निष्कर्ष काढू नये. ज्यांनी तपासणी सुचविली, त्या डॉक्टरांकडे तो घेऊन जावे.

किरणोत्सर्गाविषयी

टेक्नेशियम-९९एमचे अर्धायुष्य सुमारे ६ तासांचे आहे. म्हणजे दर ६ तासांनी त्याची किरणोत्सारिता निम्मी होते. सकाळी १० वाजता इंजेक्शन दिले असता दुपारी ४ वाजता ती निम्मी, रात्री १० वाजता एकचतुर्थांश आणि दुसऱ्या दिवशी सकाळी १० वाजता केवळ एकषोडशांश उरते. शिवाय औषधाचा मोठा भाग लघवीवाटे बाहेर पडत असल्याने शरीरात प्रत्यक्षात याहूनही कमी शिल्लक राहते.

प्रौढ व्यक्तीस एका बोन स्कॅनमधून साधारणपणे ३ ते ५ मिलिसिव्हर्ट इतकी मात्रा मिळते. जमीन, हवा, अन्न व अवकाश यांतून निसर्गतःच मिळणारी मात्रा जागतिक सरासरीने वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट असते. म्हणजे एक स्कॅन साधारण सव्वा ते दोन वर्षांच्या नैसर्गिक किरणोत्सर्गाइतका होतो. सीटीची जोड दिल्यास त्यात काही भर पडते. हा धोका अल्प आहे, परंतु शून्य नाही. ज्याला तपासणीची खरी गरज आहे, त्याच्यासाठी लाभ धोक्यापेक्षा पुष्कळ मोठा असतो. ज्याला गरजच नाही, त्याच्यासाठी हा अल्प धोकाही निष्कारण ठरतो.

भारतात न्यूक्लिअर मेडिसिन विभाग चालविण्यासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना आवश्यक असतो. मुंबईत रेडिएशन मेडिसिन सेंटरची स्थापना १९६३ साली झाली. तेव्हापासून ही शाखा देशात विस्तारत गेली आहे आणि आज अनेक राज्यांतील वैद्यकीय महाविद्यालये व कर्करोग रुग्णालयांत ही सुविधा उपलब्ध आहे.

तपासणीपूर्वी

• गर्भधारणा असल्यास किंवा तशी शक्यता असल्यास तपासणीची वेळ ठरवितानाच सांगावे. बहुधा ही तपासणी पुढे ढकलली जाते किंवा अन्य पर्याय निवडला जातो.
• बाळास अंगावर पाजत असल्यास सांगावे. आवश्यक वाटल्यास काही तास दूध पाजणे थांबविण्याचा सल्ला दिला जातो. त्यासाठी आधीच दूध काढून ठेवता येते.
• अलीकडे झालेली दुखापत, शस्त्रक्रिया किंवा दात काढणे यांची माहिती द्यावी. अशा ठिकाणीही औषध साठते.
• पूर्वीचे एक्स-रे, सीटी, एमआरआय व अहवाल बरोबर न्यावेत.
• उपाशी राहण्याची गरज नसते. नेहमीची औषधे डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसल्यास चालू ठेवावीत.

तपासणीच्या दिवशी

इंजेक्शन साध्या सुईइतकेच दुखते. त्यानंतर औषध हाडांत पोहोचण्यासाठी २ ते ४ तास थांबावे लागते. काही रुग्णांत इंजेक्शन देतानाच पहिली चित्रे घेतली जातात. थांबण्याच्या काळात भरपूर पाणी प्यावे. मात्र हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा असल्यास तसे सांगावे. मूत्राशय भरलेले असल्यास कंबरेच्या खालच्या हाडांचे चित्र झाकले जाते, म्हणून स्कॅनपूर्वी लघवी करून यावे. कपड्यांवर किंवा त्वचेवर लघवीचा थेंब पडल्यास चित्रात खोटा ठिपका उमटू शकतो. असे झाल्यास संकोच न करता कर्मचाऱ्यांना सांगावे. दागिने, नाणी, पट्टा काढून ठेवावेत. त्यानंतर साधारण अर्धा तास ते एक तास टेबलावर स्थिर पडून राहावे लागते. कंबरदुखीमुळे ते अवघड वाटत असल्यास गुडघ्यांखाली उशी मागून घ्यावी. या औषधाची ॲलर्जी फारच क्वचित येते.

तपासणीनंतर

• दिवसभर पाणी पीत राहावे व वारंवार लघवीस जावे. शौचालयात भरपूर पाणी सोडावे आणि हात साबणाने धुवावेत.
• त्या दिवशी लहान मुलांना दीर्घकाळ मांडीवर घेणे व गर्भवती स्त्रियांच्या अगदी जवळ बराच वेळ बसणे टाळावे. घरातील इतर व्यवहार, स्वयंपाक, एकत्र जेवण यांस हरकत नाही. भांडीकुंडी वेगळी ठेवण्याची आवश्यकता नाही.
• एक-दोन दिवसांत विमानप्रवास असल्यास तपासणीचा कागद जवळ ठेवावा. विमानतळावरील संवेदनशील यंत्रे उरलेला किरणोत्सर्ग टिपू शकतात.

पेट-सीटी ही वेगळी तपासणी आहे

काही रुग्णांना बोन स्कॅनऐवजी पेट-सीटी सुचविली जाते. तीत बहुधा साखरेसारखे औषध वापरले जाते. संसर्ग वा कर्करोगाच्या पेशी ते अधिक शोषून घेतात. या तपासणीस काही तास उपाशी राहावे लागते आणि मधुमेह असल्यास रक्तातील साखर नियंत्रणात असावी लागते. दोन्हींच्या सूचना वेगळ्या असल्याने आपल्याला नेमकी कोणती तपासणी सांगितली आहे, हे चिठ्ठीवर पाहून घ्यावे.

डॉक्टरांना हे प्रश्न अवश्य विचारावेत

• या स्कॅनमधून आपण कोणत्या शंकेचे निरसन करू इच्छिता?
• अहवाल कसाही आला, तरी माझ्या उपचारात काय बदल होईल?
• एक्स-रे, रक्ततपासणी किंवा एमआरआय यांतून हेच उत्तर मिळू शकेल काय?
• स्कॅन निर्दोष आला आणि वेदना राहिली, तर पुढे काय करावे?

असे प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखविणे नव्हे. तो प्रत्येक रुग्णाचा अधिकार आहे. ज्यांना रुग्णालय दूर आहे, त्यांनी ई-संजीवनी या मोफत दूरवैद्यकीय सेवेद्वारे प्राथमिक सल्ला घ्यावा. आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचे संरक्षण मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. त्यामुळे तपासणीपूर्वी खर्चाविषयी रुग्णालयातील आरोग्य मित्राकडे चौकशी करावी.

कंबर दुखू लागली म्हणून लगेच स्कॅनच्या रांगेत उभे राहू नये. आणि धोक्याचे लक्षण दिसत असताना किरणोत्सर्गाच्या भीतीने घरीही बसू नये. आपली लक्षणे नीट पाहावीत, ती डॉक्टरांना स्पष्ट सांगावीत आणि तपासणी कशासाठी आहे हे समजून घेऊन मगच तिला संमती द्यावी.

जनहितार्थ प्रसारित